गाडी तीन-चार महिने अंगणात उभी राहणार आहे? कव्हर घालण्याआधी हे वाचा

पेण किंवा रोह्याच्या कुठल्याही आळीतून चक्कर मारा, एक तरी गाडी अंगणात कव्हर घालून उभी दिसेलच. मुलगा मुंबईला, पुण्याला, आखातात नाहीतर जहाजावर. गाडी गावाला. घरी आई-वडील आणि बाहेर गाडी. पार्किंगला शेड नाही, कारण घर बांधलं तेव्हा घरात गाडी येईल असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

मी पेणचा. माझा मावसभाऊ जहाजावर असतो, त्याची गाडी रोह्यात मावशीच्या अंगणात उभी असते. तो सहा महिने बाहेर असला की गाडीकडे बघायचं काम माझ्याकडे येतं. त्यामुळे या विषयावर बऱ्यापैकी वाचलंय, गॅरेजवाल्यांना विचारलंय आणि करूनही बघितलंय. ते सगळं या लेखात एकत्र देतोय.

सर्वात आधी मुद्द्याची गोष्ट सांगतो. आपल्याकडे उभ्या गाडीला पाऊस जेवढा खात नाही, तेवढी अडकून राहिलेली ओल खाते. हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं आपोआप कळतं.

## ओल एवढी का बाधते?

रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, आणि हवा साधारण ६० टक्क्यांहून जास्त दमट झाली की गंजण्याचा वेग चांगलाच वाढतो. म्हणजे पावसाचा एक थेंबही न लागता गाडी गंजू शकते.

पेणच्या बाजूला आणखी एक भानगड आहे. धरमतरची खाडी जवळ, खारं वारं येतं. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, त्यामुळे पत्र्यावर मिठाचा अगदी पातळ थर असला तरी तो भाग ओलसर राहतो. रोहा कुंडलिका नदीच्या काठी. तिथे खारं वारं कमी, पण डोंगरातला पाऊस आणि नदीचं पाणी हा प्रश्न मोठा. दोन्हीकडे काम एकच: गाडी कोरडी करणं आणि कोरडी ठेवणं.

## निळा प्लास्टिकचा कागद का नको?

आपल्याकडची पद्धत ठरलेली आहे. मे महिना संपत आला की पडवीला प्लास्टिकचा कागद बांधायचा आणि उरलेला गाडीवर टाकायचा. पडवीसाठी तो ठीक आहे, कारण पडवीला एक बाजू मोकळी असते. गाडीला मात्र आपण चारी बाजूंनी गुंडाळून टाकतो.

मग काय होतं? जमिनीतली वाफ वर येते, कागदाला आतून थेंब धरतात आणि ते थेंब पत्र्यावर बसतात. ऊन पडलं की पुन्हा वाफ, रात्री पुन्हा थेंब. महिनाभर हेच चालू. रंगाला फोड येतात, दरवाजाच्या रबरांखाली गंज धरतो आणि आत सीटवर पांढरी बुरशी येते. वरून वाऱ्याने कागद फडफडतो आणि खालची धूळ पॉलिशपेपरसारखी रंगावर घासते.

म्हणजे हवाबंद झाकण्यापेक्षा उघडी गाडी परवडली, निदान ती वाऱ्याने सुकते तरी.

मग योग्य काय?

१. मांडव: चार बांबू किंवा लोखंडी पाइप उभे करून वर ताडपत्री किंवा पत्रे. गाडीच्या टपापासून किमान दीड-दोन फूट वर, एका बाजूला उतार आणि बाजू मोकळ्या. हा सर्वात चांगला उपाय. फक्त बांधताना हयगय करू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलं होतं, तेव्हा पत्रे कसे उडाले हे सगळ्यांनी बघितलंय. सुटलेला पत्रा गाडीवर पडण्यापेक्षा मांडव नसलेला बरा.

२. श्वास घेणारं कव्हर: मांडव शक्य नसेल तर असं कव्हर घ्या ज्यातून पाणी आत जात नाही, पण वाफ बाहेर येते. आतून मऊ अस्तर हवं आणि पोटाखालून बांधायला पट्टे हवेत.

ऑनलाइन फोटो बघून हे कळत नाही, म्हणून घरी एक टेस्ट करा. कपात गरम पाणी घ्या, त्यावर कव्हरचा कोपरा ताणून धरा आणि वर काचेचा कोरडा ग्लास उपडा ठेवा. दोन-चार मिनिटांत ग्लास आतून धुरकट झाला तर कापडातून वाफ जाते. ग्लास स्वच्छच राहिला तर ते साधं प्लास्टिक आहे, परत पाठवा.

आणि हो, ओल्या किंवा मळलेल्या गाडीवर कुठलंही कव्हर घालू नका, कितीही महाग असलं तरी.

## जागा कुठली निवडायची?

- झाडाखाली नको. आंबा आणि फणसाचा चीक, पक्ष्यांची घाण, वर नारळ. शिवाय पावसात फांदी मोडते ती वेगळीच.
- मातीवर नको. गाडीखालची ओली माती चोवीस तास वाफ सोडत असते. फरशी, कोबा किंवा पेव्हर ब्लॉक असेल तिथे लावा. नसेल तर निदान चारही चाकांखाली जांभा दगड किंवा जाड फळ्या द्या.
- उंचावर लावा. नदीकाठी राहत असाल तर आधीच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. २६ जुलै २००५ ची खूण बऱ्याच घरांत अजून सांगतात. खाडीच्या बाजूला मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी उतरायला वेळ लागतो, हेही लक्षात ठेवा.

## ठेवण्याआधीची तयारी

धुवा आणि पूर्ण सुकवा. वरून तर धुवाच, पण खालून आणि चाकांच्या कमानीत साचलेला चिखलही काढा. तो चिखल स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. धुतल्यावर गाडी एक चक्कर फिरवून आणा म्हणजे ब्रेक सुकतात. मग जमलं तर वॅक्सचा एक हात द्या.

पाण्याच्या वाटा मोकळ्या करा. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. समोरच्या काचेच्या खाली, वायपरपाशी जी जाळी असते, तिथून पाणी खाली वाहून जायला भोकं असतात. तिथे पाला अडकला की पाणी तुंबतं आणि गाडीच्या आत उतरतं. दरवाजांच्या खालच्या कडेलाही छोटी भोकं असतात. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांत. सगळीकडचा कचरा काढा.

आतून रिकामी करा. बिस्किटाचा चुरा, पाण्याच्या बाटल्या, ओले मॅट, डिकीतली छत्री, सगळं बाहेर. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे मिळतात, त्यातले दोन आत ठेवा आणि भरले की बदला. एसीचं बटण आतली हवा फिरवण्यावर ठेवून मग गाडी बंद करा, म्हणजे बाहेरच्या हवेची झडप बंद राहते.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलीत मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पी वर) ठेवा आणि चाकांच्या पुढे-मागे लाकडाचे ठोकळे किंवा विटा लावा. जागा उताराची असेल तर मात्र ही रिस्क घेऊ नका, दुसरी जागा शोधा.

टायरमध्ये हवा थोडी जास्त. दरवाजाच्या कडेला लिहिलेल्या आकड्यापेक्षा ४-५ पीएसआय जास्त भरा. गाडी एकाच जागी राहिली की टायर खालून चपटा होतो. पुन्हा चालवायला काढाल तेव्हा हवा आकड्यावर आणायला विसरू नका.

टाकी जवळपास फुल करा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. टाकी रिकामी असेल तर आत दमट हवा जास्त. पाणी प्रमाणाबाहेर गेलं तर ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पंप नेमका तळातूनच पेट्रोल ओढतो. सीएनजीवाल्यांनी सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा, आणि पेट्रोलची टाकीही बघावी. सीएनजीवर गाडी चालते म्हणून ते पेट्रोल आधीच कित्येक महिने जुनं असू शकतं.

## बॅटरी: साधं गणित

बंद गाडीही थोडी वीज खातच असते. लॉक, अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर. समजा ही गळती ३० मिलीअँपिअर आहे.

- दिवसाला: ०.०३ × २४ = ०.७२ अँपिअर-तास
- छोट्या गाडीची बॅटरी: ३५ अँपिअर-तास
- निम्मी उतरायला लागणारे दिवस: १७.५ ÷ ०.७२ = साधारण २४

जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम लावून गळती ५० मिलीअँपिअर झाली तर हेच उत्तर १४-१५ दिवसांवर येतं. बॅटरी जुनी असेल तर अजून कमी. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या शिशाच्या प्लेटांवर कडक थर बसतो आणि मग चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. रिमोटवाली चावी गाडीच्या अगदी जवळ, समोरच्या खोलीत ठेवू नका. काही गाड्या चावी जवळ आहे असं समजून जाग्या होत राहतात.

आता इथे एक निर्णय घ्यावा लागतो.

घर बंद आहे, गाडी कोणालाच लागणार नाही: बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि निगेटिव्हची (काळी) वायर काढून बाजूला कापडात गुंडाळून ठेवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्हच काढायची, जोडताना ती शेवटी. त्याआधी गाडीचं पुस्तक एकदा वाचा, कारण काही गाड्यांत स्टिरिओचा कोड विचारतो. अलार्म आणि ट्रॅकर बंद पडतील हेही लक्षात असू द्या.

घरी म्हातारी माणसं आहेत, गाडी कधीही लागू शकते: मग वायर काढून ठेवणं चालणार नाही. मागच्या पावसाळ्यात मावशीकडे नेमकं हेच झालं. भावाने जहाजावर जाण्याआधी गाडी प्लास्टिकच्या कागदात नीट बांधून ठेवली होती. ऑगस्टमध्ये एका रात्री काकांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारचा मुलगा गाडी चालवायला आला, तर बॅटरी डाउन. दुसऱ्या गाडीवरून वायर लावून चालू केली, तर मागची चाकं जाम. शेवटी रिक्षाने दवाखाना गाठला. काका आता बरे आहेत. पण लाखो रुपये घालून घेतलेली गाडी ज्या एका रात्रीसाठी घेतली होती, त्याच रात्री ती जागची हलली नाही.

मावशी मला म्हणाली, "अरे, गाडी दारात आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो रे."

म्हणून अशा घरासाठी बॅटरी जोडलेली ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढा. खात्रीचा माणूस नसेल तर बॅटरीच्या टर्मिनलवर बसणारा कट-ऑफ स्विच लावून घ्या. नॉब फिरवला की बॅटरी तुटते, परत फिरवला की जोडते. पाना लागत नाही.

## पंधरा दिवसांची चक्कर

बरेच जण गाडी जागेवरच पाच मिनिटं चालू करून बंद करतात. त्याने फायदा कमी आणि तोटाच जास्त. स्टार्ट करताना गेलेली वीज पाच मिनिटांत भरून येत नाही, आणि सायलेन्सरमध्ये इंजिनमधलं पाणी साचतं ते सुकायला पुरेशी उष्णता मिळत नाही.

गाडी बाहेर काढा आणि निदान २०-२५ मिनिटं रस्त्यावर चालवा. पेणहून वडखळपर्यंत जाऊन परत या, रोह्याहून कोलाडला जाऊन या. एसी दहा मिनिटं लावा, ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा, सीएनजी गाडी असेल तर थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. परत लावताना चाकं आधीच्या जागेपेक्षा थोडी पुढे-मागे राहू द्या. पाऊस उघडलेल्या दिवशी कव्हर काढून चारही दरवाजे तासभर उघडे ठेवा, आपण गाद्या उन्हात घालतो तसं.

## उंदीर आणि त्यामागून येणारे पाहुणे

भातशेतीत पाणी भरलं की उंदीर, घुशी कोरडी जागा शोधतात. बॉनेटखाली कोरडं, अंधारं आणि शांत. वायरी कुरतडल्या की खर्च हजारांत जातो.

गाडीजवळ भाताची पोती, सरपण, कोंबड्यांचं खाद्य ठेवू नका. बॉनेटखाली तंबाखूची पानं किंवा डांबराच्या गोळ्या कापडी पुरचुंडीत ठेवतात, त्याने थोडा फरक पडतो, पण वास उडाला की संपलं. दर पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून बघणं हाच खरा उपाय. गवत, कागदाचे तुकडे, लेंड्या दिसल्या तर लगेच साफ करा आणि वायरी तपासा.

उंदीर आले की साप येतो. म्हणून बॉनेट उघडण्याआधी त्यावर दोन-तीन थापा मारा, कव्हर काढताना हात खाली न घालता वरून ओढा आणि टॉर्च जवळ ठेवा. साप दिसला तर काठी न उचलता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा जवळच्या सर्पमित्राला फोन करा.

## फोनचा उपयोग कुठे?

- फोटो आणि व्हिडिओ: गाडी ठेवताना चारही बाजू, टपावरून, आतून आणि किलोमीटरचा आकडा असे फोटो काढा. नंतर विम्याचा क्लेम करायची वेळ आली तर उपयोगी पडतात.
- रिमाइंडर: दर दुसऱ्या रविवारी वाजेल असा, आणि तो आपल्या फोनमध्येच नाही तर घरी असणाऱ्याच्या फोनमध्येही लावा.
- व्हिडिओ कॉलवर बॅटरी तपासा: साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.२ च्या खाली दिसलं की चार्जिंगला लावा. मावशीला हे एका कॉलमध्ये जमलं. आता ती स्वतःच आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते.
- कागदपत्रं: एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी, विमा आणि पीयूसीच्या तारखा बघून ठेवा. गाडी फिरवायला रस्त्यावर काढायची तर हे सगळं चालू हवं.
- पावसाचा इशारा: हवामान खात्याचं 'मौसम' आणि आपत्ती व्यवस्थापनाचं 'सचेत' ही ॲप फोनमध्ये ठेवा. रेड अलर्ट आला की घरी फोन करून गाडी उंच जागी लावायला सांगता येतं.

## विमा बंद करू नका

"गाडी उभीच आहे, मग विमा कशाला?" हा विचार महागात पडतो. नुसता थर्ड पार्टी विमा झाड पडणं, पूर, चोरी, आग यांचे पैसे देत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असलेली पॉलिसी लागते. मुदत संपून ९० दिवस गेले तर साठवलेला नो क्लेम बोनसही जातो. इंजिनात पाणी जाण्यासाठी बहुतेक वेळा वेगळं इंजिन प्रोटेक्शन घ्यावं लागतं, आपल्या भागात ते जरूर विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गाडीत पाणी शिरून गेलं असेल तर चावी फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे इंजिनात पाणी असताना स्टार्ट मारला की आतले भाग वाकतात किंवा तुटतात. फोटो काढा, जमेल तर बॅटरी तोडा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून चावीच्या हुकाजवळ लावा, कारण त्या वेळी आपण घरी नसतो.

## नेहमीचे दोन प्रश्न

इलेक्ट्रिक गाडी असेल तर?
मोठी बॅटरी फुल किंवा रिकामी न ठेवता साधारण ५० टक्क्यांवर ठेवा आणि अधूनमधून आकडा बघा. त्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, तीही उतरू शकते. तिची वायर काढण्याआधी कंपनीचं पुस्तक वाचाच.

परत चालू करताना काय बघायचं?
बॉनेट उघडून उंदीर-वायरी, ऑइल, कूलंट, टायरची हवा, गाडीखाली कसला डाग. मग स्टार्ट. पहिले दोन किलोमीटर हळू चालवा आणि मोकळ्या जागी ब्रेक तपासा.

तर मित्रांनो, यात महाग असं फारसं काही नाही. एक बरं कव्हर किंवा मांडव, एक मल्टिमीटर आणि महिन्यातले दोन रविवार. गाडी कोणाच्या भरवशावर ठेवताय त्या माणसाला शेजारी उभं करून हे सगळं एकदा दाखवा, नुसतं फोनवर सांगू नका. ज्या मित्राची गाडी आत्ता गावाला उभी आहे, त्याला हा लेख आजच पाठवा. पाऊस सुरू व्हायच्या आधी वाचला तर जास्त कामाला येईल.